पान एक्केचाळीस

माझा बाप फरशी बसवतो. हॅमिल्टनमधल्या
निम्म्या न्हाणीघरांत त्याचे गुडघे झिजलेत.
काम झालं की बोटाच्या पेराने ठोकत जातो
एकेक फरशी, कान लावून,
डॉक्टरने पाठीवर वाजवावं तसं.
जिथे आवाज भरीव नाही तिथे खडूची फुली,
आणि ती फरशी उखडायची. मग गिऱ्हाईक काहीही म्हणो.

आम्ही घर घेतलं तेव्हा ते नव्हतंच.
एक खड्डा होता, पत्र्यावर हसऱ्या माणसांची चित्रं,
आणि शेजारच्या ऑफिसात काचेखाली
वीतभर इमारत, तिच्यात खरे दिवे.
आईने वाकून नववा मजला शोधला.
म्हैस पाण्यात, मोल बाहेर,
कॉफी फुकट.

करार बहात्तर पानांचा.
विक्रीवाली मिस ट्रुडेल म्हणाली, दहा दिवस आहेत,
वकिलाला दाखवा, हवं तर.
‘हवं तर’ असं, जसं पोटभर जेवल्यावर
कुणी विचारावं, आणखी भात?
वकील सहाशे डॉलर सांगत होता.
बापाने माझ्याकडे बघितलं.
मी सतराची. बँकेत, दवाखान्यात, शाळेत
सगळ्या घराला पुरायचं माझंच इंग्रजी.

पेंतेकोस्टचा आठवडा. आई चर्चच्या तळघरात
दीडशे माणसांचा रस्सा रांधत होती.
मी टेबलावर पानं उलटत होते,
बाप समोर, हात धुऊन, टोपी काढून,
मिस्साला बसावं तसा.
पान एक्केचाळीसवर एक वाक्य होतं अकरा ओळींचं,
कसलीशी शुल्कं, त्यांतली पुढची वाढ,
आणि शेवटी ‘खरेदीदार’.
मला कळलं नाही.
मी म्हणाले, नेहमीचंच आहे.
त्याने मान डोलावली, आणि संध्याकाळी जाऊन
ओट्याला ग्रॅनाइट घेतला, नऊशे डॉलर वरचे.

दहावा दिवस कधी गेला कुणालाच आठवत नाही.

मग चार वर्षं. मग किल्ली, पण घर नाही;
नोंदणी व्हायचीय, तोवर राहा म्हणाले.
आठ महिने आम्ही आमच्याच घराचं भाडं भरलं,
कर्जातला एक सेंट न फिटता.
भिंतीला खिळा नाही, फरशीला हात नाही,
असंही होतं म्हणे कुठल्याशा पानावर.
मग एक पाकीट. आत एकच कागद,
तळाशी एकतीस हजार.

आता वकील केला. त्याने पान काढलं,
अकरा ओळींवर पेन ठेवलं.
त्या दहा दिवसांत आला असतात, म्हणाला,
तर याला मर्यादा घालून घेतली असती.
मी त्याच्या खिडकीतला पार्किंग लॉट बघत राहिले.

बाप मला काही बोलला नाही. अजूनही नाही.
त्या रात्री त्याने सोफा सरकवला,
गुडघ्यांवर उतरला,
आणि दारापासून बाल्कनीपर्यंत ठोकत गेला.
टक. टक. टक. ठब्ब.
मी अंथरुणात मोजत होते.
सकाळी एकोणीस फुल्या.
‘एवढं मला दुरुस्त करता येतं,’ तो म्हणाला,
आणि खडू खिशात ठेवून कामाला गेला,
दुसऱ्या कुणाच्या तरी नव्या घरात.