खाडे

फडताळाच्या आत, मिठाच्या बरणीमागे
एक वही आहे, हॉटेलच्या धुलाईखात्यातली.
चादरींचा हिशेब लिहायला दिली होती,
मी तिच्यात रमजानचे खाडे लिहिले.
सहा. सात. पाच. सात.
शिसपेन्सिलीनं, म्हणजे फेडले की खोडता येतात.

पहिला खाडा तेराव्या वर्षी, जूनमध्ये.
आईनं काही विचारलं नाही,
कोठीघरात ढकललं, हातात वाडगा दिला चेरींचा
आणि दार ओढून घेत म्हणाली,
बिया थुंकू नकोस, वडील मोजतील.
मी अंधारात बसून बियांसकट खाल्ल्या.
इतकं गोड पुढे काही लागलं नाही.

मग सगळं कळत गेलं, बायकांना कळतं तसं.
उन्हाळ्यातला चुकलेला दिवस हिवाळ्यात फेडायचा.
डिसेंबरात मोस्तारमध्ये
सव्वाचारला सूर्य वेलेझच्या उलट्या बाजूला बुडतो,
दुपारची झोप काढली की उपास संपतो.
शेजारची झुल्फिया म्हणायची,
देव पुरुष असता तर
ही पळवाट त्यानं बुजवली असती.
म्हणायची आणि लगेच तोबा करायची.

लामिया पोटात होती तेव्हा रमजान आला डिसेंबरात,
अंगावर पीत होती तेव्हाही डिसेंबरात.
माझे स्वस्तातले साठ दिवस
त्या पोरीनं खाल्ले.
ते मी फेडले सुटे सुटे, सोमवार गुरुवार,
इस्त्रीच्या वाफेत, ओठ कोरडे,
सात वर्षं लागली.

आता ती ग्राट्समध्ये असते
आणि तिच्या फोनमध्ये एक गोल आहे.
सोळा तास गोल भरत जातो, मग हिरवा होतो.
परवा म्हणाली, आई, यात आता नवीन आलंय,
पाळी जवळ आली की फोनच सांगतो
आज नको, आज पोटभर जेव.
मी म्हटलं, अस्सं?
आणि मला चेरी आठवल्या.

या वर्षी वहीत काही लिहिलं नाही.
बारा झाले, अठरा झाले, पंचविसावा रोजा.
रात्री अंगाची भट्टी होते, खिडकी उघडते,
नेरेत्वाचा आवाज आत येतो,
हसन झोपेतच पांघरूण ओढून घेतो.
सहरीला एक अंडं जास्त खा, डॉक्टर सेल्मा म्हणाली,
हाडांकडे बघा, आता कर्ज काढू नका.
म्हटलं, बाई, कर्ज मिळायचंच बंद झालंय.

तिसावा रोजा. मिनारवर दिवे लागले.
हसननं खजूर पुढे केला, म्हणाला,
आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण महिना, मेव्लिदा.
मी मान हलवली.
त्याला माहीत नाही.

चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीतही वहीत काही नव्हतं.
बावीस वर्षांची होते.
विमानातून पडलेल्या पेटीतली बिस्किटं
आई दोऱ्यानं कापायची, चुरा सांडू नये म्हणून.
बादली घेऊन नदीवर जायचं ते रात्री, वाकून.
पाच महिने माझ्याकडून
रक्ताचा एक थेंब गेला नाही.
झुल्फियाच्या मुलीचंही तसंच, गल्लीतल्या सगळ्यांचंच.
कुणी कुणाला कोठीघरात ढकललं नाही,
ढकलून द्यायला आत काय होतं.
तीस दिवस पूर्ण भरले. एक खाडा नाही.

उपास आणि उपासमार.
एक शब्द दुसऱ्याच्या पोटात असतो
आणि आतून त्याला कुरतडतो.
ते तीस दिवस कुठल्या खात्यात धरायचे
हे मी इमामांना कधी विचारलं नाही.

ईदच्या सकाळी भांडी घासून झाल्यावर
कोठीघरात गेले, दार ओढून घेतलं.
कुणापासून लपायचं नव्हतं.
मागच्या उन्हाळ्यातल्या चेरींची बरणी उघडली
आणि उभ्यानंच खाल्ल्या,
या वेळी बिया मोजत.