पावणेपाचची किंकाळी

बीचव्ह्यूच्या उतारावर पहाटे माझी गाडी
कुणाला न कळवता सुरू होते.
इंजिन झोपलेलं. बॅटरीचा एक बारीक सुस्कारा,
काचेवरून दव निपटणारे वायपर, बस.
शेजारची कुत्रीसुद्धा कूस बदलत नाहीत.
गुण म्हणावा तर हाच, आणि कोपऱ्यापर्यंतच.

कारण तिथे थांबून ब्रॉडवेवर डावीकडे वळताना,
जिथे ट्रॉलीचे रूळ ओलेकंच चकाकत पडलेले असतात,
मी पाय ठेवते
आणि पुढचं चाक रुळावर गरकन फिरतं, जागच्या जागी,
मग डांबर लागताच
चीं करून ओरडतं.
एवढ्या सालस गाडीच्या पोटात
हे कुठे दडलेलं असतं?

डॅशबोर्डवर एक पिवळी गाडी लुकलुकते,
मागे दोन नागमोडी शेपट्या सोडत,
आणि मोटर हात आखडता घेते. ऐन रुळावर.
ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी
वरून ट्रॉलीचा दिवा उतरत येत होता,
मी पेडल तळापर्यंत दाबलेलं
आणि गाडी विचार करत होती.
घंटा वाजली. परत वाजली.
घाबरून पाय उचलला,
तेव्हा कुठे चाकाला जमीन सापडली.

स्टॅन हुडाकनं टायरवर अंगठ्याचं नख ओढलं.
ओरखडाही नाही.
“पेट्रोल वाचवायला कडक केलेलं रबर, मिस कार.”
(खर्शीकर त्याच्या जिभेवर कधी बसलंच नाही,
त्यातलं शेवटचं तेवढं त्याला धंद्याचं वाटलं.)
“वाचवणारा धरत नाही. आणि इंजिनाला जोर यायला वेळ लागतो,
विजेला लागत नाही.
तुमचा पाय अजून जुन्या गाडीचा आहे.”

वाईट वाटलं. कारण सव्वापाचला सेंटरवर
हाच तर माझा धंदा:
ओटिस डूलीच्या दंडात दोन सुया,
पंप आधी शंभरावर. त्याच्या तोंडाकडे बघायचं.
मग दोनशे. मग तीनशे.
एकदम सोडलं तर नस भिंतीला चिकटते, मशीन ओरडतं.
दहा वर्षं झाली, हात कधी चुकला नाही.
पायाला कुणी सांगितलंच नव्हतं.

डूली तीस वर्षं ट्रॉली चालवायचा. ऐकून हसला,
हसल्यावर सुई हलते म्हणून मी रागावले.
“आमच्याकडे वाळू असायची,” तो म्हणाला.
“सीटखाली पेटी भरून. चढावर पानं ओली झाली
की चाकापुढे चिमूटभर सोडायची.
लोखंडालासुद्धा लोखंड धरत नाही गं,
मध्ये काहीतरी खरखरीत लागतं.”

नोव्हेंबरात नवे टायर घातले. मऊ.
गॅलनमागे तीन मैल गेले.
हुडाकनं बिलावर ते लिहूनही दिलं, मी रडू नये म्हणून.
आता कोपरा येतो आणि जातो.
पिवळी गाडी परत उगवली नाही.

पंधरा दिवसांनी रोझॅन पालुम्बो दारात,
गाऊनवर कोट, केसात पीठ.
“दोनदा बेकरीला उशीर झाला.
तू ओरडायचीस तेव्हा मी उठायचे.”
मी नाही, टायर, म्हटलं. घड्याळ लावा की.
“लावते. पण त्याचा गळा दाबता येतो.”

दुसऱ्या दिवशी रूळ ओले, वर दिवा नाही.
मी मुद्दाम पाय दाबून पाहिला.
रस्त्यानं घट्ट धरलं. हूं की चूं नाही.
आरशात तिची खिडकी काळी.

मग गाडी कडेला लावली, चढ चढून मागे गेले,
तिची बेल दाबली, लांब,
आणि नर्सच्या बुटांनी, चाळीस ओलांडलेल्या गुडघ्यांनी
खाली पळत सुटले.
बुटांचं रबर ओल्या फुटपाथवर
चीं चीं करत होतं.