आतला धागा

रामबागेत जिन्यावरच्या खोलीत
संध्याकाळची बॅच सुटली की मी निबंध घेऊन बसते.
काम ठरलेलं: इंग्रजीतला एक मजकूर,
लिहिणाऱ्यानं कोणत्या शब्दानं कोणाला कसं वळवलं
ते दाखवा, पुराव्यासकट.

पुरावा म्हटलं की मुलं अख्खा परिच्छेद उचलून आणतात,
लग्नघरी पाहुण्याची ट्रंक आणून टाकावी तशी,
दारातच.
आत काय आहे विचारलं तर
"मॅडम, लिहिलंय की वर."

वेदवती रेठरेकरच्या वहीत
तीन पानांतली अडीच पानं दुसऱ्याची.
मी लाल शाईनं विचारलं: यात तू कुठे आहेस?
तिनं खाली पेन्सिलीनं लिहिलं: इंदूरलाच, मॅडम.

हसले. मग रागावले. मग कपाटातून
ह्यांचा करडा कोट काढला, कोपरापाशी कसरीनं खाल्लेला,
आणि पोरीला घेऊन शीतलामाता बाजारात गेले,
इद्रीस मियाँच्या ओट्यापाशी. रफू करतात ते.

बघ, म्हटलं.
ठिगळ नाही लावत. ठिगळ लांबूनच ओरडतं.
त्यांनी कोट उलटा केला, शिवणीच्या पोटातून
केसाएवढा धागा ओढला
आणि भोकावर विणू लागले, एक वर, एक खाली.
"बाहर का नहीं चलता, बिटिया. इसी का, अंदर का.
और उत्ता ही, जित्ता छेद."
वेदवती वाकून बघत होती. म्हणाली, मग यात तुमचं काय?
"धागा कोट का. गाँठ मेरी."

कोट शनिवारी मिळणार होता.

शुक्रवारी भिंतीवर कागद चिकटला, इंग्रजीत.
मी तोच बॅचला दिला.
चौदा वह्या आल्या. तेरांमध्ये तो कागद
पुन्हा चिकटवल्यासारखा, शिक्क्यासकट.

वेदवतीनं पाचच शब्द उचलले.
पहिला, "अनफॉर्च्युनेटली".
(इंग्रजीत लिहिलंय तिनं, मी आपल्या भाषेत सांगते.)
हा शब्द दाराशी चपला काढून आत येतो,
म्हणजे मागच्यांना बूट घालून येता येतं.

मग "स्ट्रक्चर्स".
एक फळी, एक बल्ब, सुयांची डबी,
मांडी घालून बसलेला एक माणूस
आणि त्याचा दुपारचा डबा,
सगळ्यांना मिळून हा एक शब्द.
अनेकवचनी. म्हणजे त्यात कोणी एक नाही.

मग तीन शब्द, न तोडता: "विल बी रिमूव्हड".
हटवले जातील.
क्रियापद आहे, कर्ता नाही.
सबंध नोटीस वाचली, ती लिहिते,
हात कुठेच सापडला नाही.

मी पेन उघडून तशीच बसले.
चूक एकच होती:
शेवटच्या तीन शब्दांआधी अवतरणचिन्ह उघडलंय,
मिटलेलं नाही.
एकतीस वर्षं मी हेच मिटवत आले आहे.

शनिवारी मी गेले होते.
ओट्याच्या जागी फरशी धुतलेली,
भिंतीत खिळ्यांची चार भोकं.
शेजारचा बांगडीवाला म्हणाला, पता नहीं मॅडम,
सामान तो ठेले में ले गए.
कोटही गेला असेल त्यातच,
कोपर अर्धं विणलेलं, सुई लोंबत.
ह्यांनी तो दोनदाच घातला होता,
त्यांना उकडायचं त्यात.

अर्धा गुण कापला. नियम आहे.
मग समासात, लाल शाईनंच,
निबंधाशी संबंध नसलेलं एक वाक्य:
इद्रीस मियाँ आता कुठे बसतात,
तुझ्या घरी कोणाला माहीत आहे का?

वही सोमवारी परत येईल.
पेन्सिलीनं काहीतरी असेलच खाली.