बंद करू नका

प्लग काढू नका, फोनवरूनच ओरडले मी,
तोवर धरोडशेठ निम्मे काढून बसलेले.
तुर्भ्याच्या मसाला मार्केटात
मिरचीच्या खकाण्यातून शिंकत शिंकत पोचले
तेव्हा जिवंत होतं एकच मशीन, गल्ल्यामागचं.
पडद्यावर खंडणीची लाल चिठ्ठी.

पेनड्राइव्ह लावला.
हे हत्यार कुणी दूरदेशी जागून लिहिलं
आणि उघडं ठेवलं, पाणपोईच्या रांजणासारखं.
“फुकट? मग त्यात काय असणार?”
“काय आहे ते वाचता येतं, शेठ. तेवढंच.”

आधी मेमरी. डिस्क थांबते,
मेमरी म्हणजे तव्यावरचं पाणी.
सोळा जीबी, अकरा मिनिटं.
हमाल दारातून वाकून बघून गेले.
मग हॅश: चौसष्ट अक्षरांचा अंगठा,
एक स्वल्पविराम हलला तरी जुळायचा नाही.

रात्री ऐरोलीत, जेवणाचं ताट बाजूला सारून,
त्या ढिगात चोर सापडला,
पावणेतीनला, बिलाच्या वेषात.
आणि त्याच्या शेजारीच, कधीच सेव्ह न केलेलं:
‘माननीय शेठ, एक तारखेपासून मी कामावर’

इथेच थांबलेलं.
विशाखा भोईर. सकाळी माझ्या शिंका मोजून
न बोलता गुळाचा खडा पुढे करणारी.

चोराला साडेतीन पानं दिली.
त्या ओळीला अहवालात रकाना नव्हता.
पुसताही येत नाही, अंगठ्यात तीही आहे.

सोमवारी तिचाच फोन,
“ताई, नवा पासवर्ड लांब हवा म्हणालात.
किती लांब?”