निझवा, पूर्ण दिवस

सकाळी सहाला रुवीच्या पुलाखालून निघायचं.
डोकी मोजायची: अकरा, बारावा मी.
छातीवर बिल्ला. मुश्ताक चौगुले, भाषा चार.
पाचवी हर्णैची,
ती बिल्ल्यावर मावली नाही.

दीड तास नुसते डोंगर,
तव्यावर विसरलेल्या भाकरीच्या रंगाचे.
लोक आधी फोटो काढतात, मग झोपतात.
समाईलच्या खिंडीत मी एसी थोडा कमी करतो,
म्हणजे किल्ला येईपर्यंत उकडून जागे होतील.

निझवा. जुनी राजधानी. राजांची नाही, इमामांची.
हे वाक्य अकरा वर्षं मी एका श्वासात म्हणतोय.
बुरूज केवढा, तर म्हणतात बारा वर्षं बांधत होते.
जिना वळतो तिथे दार, दारापाशी खड्डा,
आणि वर बघा, हे भोक:
इथून शत्रूच्या डोक्यावर ओतायचे
खजुराची उकळती काकवी.
इथे लोक हसतात. रोज.
मी दोन सेकंद थांबतो, हसू द्यायला.

त्या शुक्रवारी हसण्याआधीच मागून आवाज आला,
"एवढी काकवी वाया घालवली?"

पार्वताबाई गुंजाळ, सीट नंबर सात,
संगमनेरकडच्या.
मुलगा सोहारला कंपनीत, त्याला सुट्टी नाही,
त्यानं तिकीट काढून आईला एकटीला बसवून दिलेलं.
पायात त्याचेच बूट, दोन नंबर मोठे.

बाजारात बाकीच्यांनी लोबान घेतला,
एकानं चांदीचा खंजीर, भिंतीवर लावायला.
ह्यांनी बोकड बघितला.
ओठ उचलून दात मोजले, बोटांनी भाव विचारला,
आणि मान हलवून पुढे निघाल्या.
बोकडवाला बऱ्याच लांबपर्यंत मागे आला.

दुपारी बिरकत अल मोझ.
खजुराच्या बनातून फलज वाहतो,
दगडात बांधलेला पाट, मांडीइतका रुंद.
माझं भाषण सुरू: डोंगराच्या पोटातलं पाणी,
प्रत्येकाची पाळी ठरलेली,
अर्ध्या तासाला इथे अथर म्हणतात.
आता घड्याळं आली, पण आधी
दिवसा काठीच्या सावलीवर मोजायचे
आणि रात्री ताऱ्यांवर.

"ढग आले तर?"

अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
पाण्याचा हिशेब ठेवणारा म्हातारा खल्फान
भिंतीला टेकून बसलेला. त्याला अरबीत विचारलं.
तो माझ्याकडे न बघता, त्यांच्याकडे बघत म्हणाला,
"मग भांडतो. सकाळी कॉफी पितो."

मी मराठीत सांगितलं.
त्या म्हणाल्या, "आमच्यात कॉफी नव्हती.
चुलत दिरानं ह्यांच्या डोक्यात फावडं घातलं,
रात्री दोनला, अर्ध्या बाऱ्यासाठी. तीन टाके."

आता हे अरबीत कसं सांगायचं?
फावडं आठवेना. दीर तर नाहीच.
मी म्हटलं, पाणी, रात्र, तीन टाके.
खल्फाननं टोपी वर सरकवली
आणि कपाळावरचा आपला व्रण दाखवला.

पाटाच्या एका दारात दगड होता, दगडाभोवती चिंधी,
आणि चिंधीतून पाणी झिरपत होतं कुणाच्या तरी वाफ्यात.
पार्वताबाई बूट काढून खाली बसल्या,
अंगठ्यानं चिंधी आत दाबली,
वरून मूठभर चिखल थापला.
झिरपणं थांबलं.
खल्फान काहीतरी बोलला. मला कळलं नाही,
गावची बोली होती.
त्या म्हणाल्या, "हो, उद्या परत बघा ते."

तीन दहाला मी डोकी मोजली. दहा.
हॉर्न दिला. पुन्हा दिला.
त्या आल्या, हातात बूट, कोपरापर्यंत चिखल,
सीट खराब होईल म्हणून
मस्कतपर्यंत दोन्ही हात हवेत धरून बसल्या.

दुसऱ्या दिवशी नवी अकरा डोकी.
फलजापाशी मी थांबलो. कुणीच विचारेना,
तेव्हा मीच म्हटलं, ढग आले तर?
एक जर्मन म्हणाला, इथे ढग येतातच कुठे.

काकवीला मात्र हसले होते सगळे.
मी दोन सेकंद थांबलो होतो.