इतर हक्क

ठाण्याच्या तहसील कचेरीत, तळमजल्यावर,
अभिलेख कक्षाच्या दाराशी एक खुर्ची आहे.
तिला एक हात नाही.
तिच्यावर मी तीन मंगळवार बसले.

दादा म्हणाला होता, वंशावळ पाहिजे,
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचं अडलंय,
तू शिकलेली, तुला वाचता येतं ते जुनं.
मला जुनं वाचता येत नाही.
मला बसता येतं.

चौथ्या मंगळवारी पोटेसाहेबांनी बस्ता सोडला.
लाल फडकं, त्यावर उंदरांची कारागिरी,
आत मौजे करावे, फेरफार,
शाई सुकटीच्या पाण्यासारखी तपकिरी.

पान उलटलं की कुणीतरी मयत.
हाशा पोशा मढवी, मयत.
कोतवाल बुकात कारण: पटकी.
चार दिवसांनी त्याची बायको.
कारण: सदर.
त्या 'सदर'वर बोट ठेवून मी बसले थोडा वेळ.
मरायलासुद्धा तिला वेगळा शब्द मिळाला नाही.

वारस मुलगा गोमा, वय पाच, अज्ञान.
अज्ञान पालन कर्ता: बहीण ठमी.

गोमा म्हणजे आमचा आजा.
ठमी कोण?
घरी फोन केला. आई म्हणाली, कोण ठमी?
मागून काका ओरडला,
"नाय गो बाय, आज्याला कोन बहीन नव्हती."

सातबाऱ्यावर आहे ती.
उजवीकडे, 'इतर हक्क'च्या रकान्यात,
विहीर, बांध, वहिवाटीची वाट,
त्यांच्या खाली बहीण ठमी.

आणि चौदा वर्षांनी
तिने राजीखुशीने हक्क सोडला.
साडीचोळी पावली.
निशाणी अंगठा.

अंगठ्यात रेषा नाहीत.
नुसता डाग, चिंचोक्याएवढा.
मिठागरावरच्या हाताला रेषा राहत नाहीत,
आमच्या बापूंचा अंगठाही आधारच्या मशीनने
चारदा परत केला,
शेवटी डोळ्यांवर भागवलं.

फोटो आमच्याकडे एकच.
जांभळी नाक्यावरच्या स्टुडिओतला,
मागे रंगवलेलं कारंजं,
पुढे गोमा, आठ-नऊ वर्षांचा, कुणाच्या तरी कोटात.
त्याच्या डाव्या खांद्यावर एक हात.
मनगटापाशी फोटो संपतो,
चौकटीत बसावा म्हणून कापलाय.
लहानपणी आम्ही म्हणायचो,
स्टुडिओवाल्याचा हात आहे, पोरगं हलू नये म्हणून.

काल रात्री भिंग लावलं.
पेरांवर भेगा. मनगट रिकामं.
बोटं कोटात रुतलेली,
पोरगं हलू नये म्हणूनच.

मृत्यूच्या नोंदी मी शेवटपर्यंत पाहिल्या.
ठमी करावे गावात मेली नाही.
दिवाळ्यात नाही, शहाबाजला नाही.
जिथे मिठागर होतं असं काका हात करून दाखवतो
तिथे आता रोहित पक्षी उतरतात,
हातभर लांबीच्या लेन्स घेऊन माणसं पहाटे येतात,
एकेका पक्ष्याचे दोनशे फोटो.
मी तिथून चालत गेले, कुणाच्याही मध्ये न येता.

दादाने वंशावळीचा नमुना दिलाय भरायला.
पोशा, हाशा, गोमा, बाळाराम, दादा.
बांबूसारखी सरळ.
गोमाच्या शेजारी मी आडवी रेघ ओढली,
पट्टी न घेता. ठमी लिहिलं.
मग खाली दादाच्या शेजारी
तेवढीच दुसरी रेघ.
तिच्या टोकाला अजून काही लिहिलेलं नाही.

त्याच पाकिटात आणखी एक कागद आहे,
मुद्रांकावरचा, माझ्यासाठी,
सही कुठे करायची तिथे पेन्सिलीची फुली.
टाइप केलेला, स्वच्छ, समास सोडलेला.
'राजीखुशीने' हा शब्द मात्र तोच.
एवढ्या वर्षांत कुणाला दुसरा सुचला नाही.

दादाचा फोन आला, झालं का काम?
म्हटलं, अजून एक मंगळवार लागेल.