सात नंबरचं बटण

थंडर बे. रात्रीचे दहा, आणि जुलैचा उजेड
अजून खिडकीवरून उठायला तयार नाही.
हॉस्पिटलच्या लाँड्रीत
हेल्मी साल्मेला गरम चादरींच्या ढिगावर
कराराचे अकरा कागद पसरून बसली आहे.

शुक्रवारी नवा फोन येतोय.
बटणंच नाहीत म्हणे त्याला, नुसती काच.
मॉलमधल्या दुकानाने आतून काळा कागद लावलाय,
जसं आत कुणीतरी बाळंत होणार आहे.

करार तीन वर्षांचा. बावीस महिने झाले, चौदा उरले.
मुदतीआधी सोडलं
तर उरलेल्या दर महिन्याचे वीस डॉलर.
दोनशे ऐंशी,
ती उशीच्या अभ्र्याच्या पावतीवर लिहिते.
"डेटाचे वेगळे शंभर. पान नऊ, तळाशी,"
बॉयलरवाला एत्तोरे म्हणतो.
वाईट बातमी त्याला नेहमी आधी कळते.
डेटा नाहीच माझ्याकडे, ती म्हणते.
मग शंभर वाचले, म्हणतो तो,
जणू स्वतःच्या खिशातून दिले.

न सोडता चौदा महिने भरत राहिलं तर सहाशे तीस.
म्हणजे सोडणंच स्वस्त.
पण सोडून जायचं कुठे?
पुन्हा तीन वर्षं, महिना पंच्याहत्तर.
एका खुंट्यावरून सुटायचं
ते दुसऱ्याचं दावं आधी गळ्यात घालून.

तिच्या जुन्या फोनचं सात नंबरचं बटण
मागच्या हिवाळ्यात ब्लीचच्या टबात मेलं.
सातवर पी, क्यू, आर, एस.
ही चार अक्षरं तेव्हापासून तिच्या निरोपांत नाहीत.
प्लीज नाही. थँक्स नाही.
नो लिहिता येतं, येस येत नाही.
सुपरवायझरला वाटतं, बाई फटकळ आहे.

आणि सॉरी तर नाहीच.

तौनो कापुस्केसिंगला असतो, तिचा धाकटा भाऊ,
साडेसहाशे किलोमीटर, मध्ये नुसती झाडं.
वडिलांच्या तळ्याकाठच्या केबिनवरून
ती जानेवारीत त्याला काहीतरी बोलली.
काय, ते तिने एत्तोरेलाही सांगितलेलं नाही.
नंबर सेव्ह आहे. हिरवं बटण ठणठणीत आहे.
पण फोन लावायचा तर पहिला शब्द तोंडाने म्हणावा लागतो,
आणि तो लिहिता येत नाही
हे कारण सहा महिने छान पुरलं.

शुक्रवारी सकाळी सहाला पाळी संपते.
मॉलबाहेर रांग. घडीच्या खुर्च्या, थर्मास,
कुणी झोपायची पिशवी गळ्यापर्यंत ओढून बसलेला.
पाकिटात तीनशे मोजलेले.
ती रांगेत शेवटी उभी राहते,
आणि उगाच, हाताला चाळा म्हणून,
उरलेल्या बटणांवर काय काय लिहिता येतं ते बघते.
सी ओ एम ई. एच ओ एम ई.
कम होम. सात लागतच नाही.

पाठवून टाकते. पाठवल्यावर घाबरते.

रांग दोन माणसं पुढे सरकते.
उत्तर येतं: कुणाच्या?

अवर्स लिहायचं तर आर हवा, एस हवा.
युवर्सचंही तेच.
माइनला मात्र एकही मेलेलं बटण लागत नाही;
ते सरळ लिहून होतं,
स्क्रीनवर नीट दिसतं, चार अक्षरं.
ती एकेक करून खोडते.

मागचा मुलगा म्हणतो, मॅडम, पुढे सरका.
तूच सरक, ती म्हणते,
आणि रांगेतून बाहेर, गाड्यांच्या मधोमध उभी राहून
हिरवं बटण दाबते.
चार वेळा वाजतं.

सोमवारी एत्तोरे विचारतो, मग? घेतला?
हेल्मी मशीनमध्ये चादरी कोंबते आहे,
खिशात तोच फोन, तेच बटण मेलेलं.
ऑगस्टात तेरा उरतील, ती म्हणते,
दोनशे साठ होतील. बघू.
आणि शनिवारची सुट्टी मागायचा फॉर्म
त्याच्यापुढे सरकवते.
तळ्यावर जायचंय. दोघं.